कुंडीसकट लावलेलं झाड

आज पहाटे एसी बंद केला. एप्रिलपासून घरात जी एकसुरी घरघर चालू असते ती थांबली की पहिली काही मिनिटं कानांना ओकंबोकं वाटतं. मग हळूहळू बाहेरचं जग आत येऊ लागतं. खिडकी सरकवताना चौकटीत साचलेली वाळू करकरते. पलीकडच्या गल्लीतली अजान काचेतून गाळून न येता सरळ घरात येते. कुणीतरी गाडी पुसत असतं, बादलीत फडकं पिळल्याचा आवाज येतो. माझी बायको नसीम कपाटातून वाकळ काढून उन्हात टाकते आणि म्हणते, "आली एकदाची थंडी." थंडी म्हणजे फक्त घाम येत नाही इतकंच. शारजातल्या माणसाला तेवढंही पुरतं.

वर्षातले हेच थोडे महिने इथली माती एखाद्या कोवळ्या मुळाला आत घेते. उन्हाळ्यात ती कुणालाच घेत नाही. झाडं लावायची ती आत्ता. नर्सऱ्यांबाहेर गाड्या लागायला लागतात, मागच्या काचेतून पानं बाहेर डोकावत असतात. काल ऑफिसमधून येताना अशीच एक गाडी माझ्यापुढे होती. रस्ता तुंबलेला, सगळे दिवे लाल, आणि त्या गाडीच्या उघड्या डिकीत दोन लहान झाडं वाऱ्याने हलत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आलो.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या डिकीत अशीच दोन रोपं होती. ती पडू नयेत म्हणून माझी मुलगी झोया मागे आडवी बसून त्यांना धरून होती, आणि पुढच्या सीटवर अब्बा सारखे मान वळवून सांगत होते, "शेंड्याला हात लावू नको, बुंध्याला धर."

*

आम्ही इथे भिंतीला खिळा ठोकत नाही. गावाकडच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. घर सोडताना भिंत जशी होती तशी द्यायची असते, नाहीतर अनामत कापली जाते. पण खरं कारण तेवढंच नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला आणि नोकरी कंपनीच्या मर्जीला. त्यामुळे इतकी वर्षं राहूनही आम्ही सगळं उचलून नेता येईल असंच घेतो. पलंग सुटा होणारा. कपाट चाकांचं. तसबिरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. झाडं कुंडीत. खलास म्हटलं की दोन आठवड्यांत सगळं विकून, वाटून निघता आलं पाहिजे. ही सवय इतकी अंगात भिनते की ती सवय आहे हेच लक्षात येत नाही.

अब्बा गेल्या वर्षी पहिल्यांदाच आले. पहिल्या दिवशी दारातून आत पाऊल टाकलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हात उंच करून भिंतीवर खुंटी शोधू लागले. खुंटी नव्हती. ते तसेच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. "टोपी कुठं टांगू रे, रफीक?" मी म्हटलं, "टेबलावर ठेवा, अब्बा." त्यांनी ठेवली. पण नंतर पूर्ण मुक्कामात दर वेळी बाहेरून आले की हात आधी भिंतीकडे जायचा.

ते एकटे आले होते. अम्मी त्याच वर्षी फणसाच्या दिवसांत गेली.

तिला इथे यायचं होतं. नातीची शाळा बघायची होती, समुद्र इकडून कसा दिसतो ते बघायचं होतं. आमचं गाव दापोलीकडचं, हर्णैच्या वाटेवरचं. तिच्या घरातूनही समुद्र दिसायचा. पण तिला हा दुसरा काठ बघायचा होता. दर वर्षी ती विचारायची आणि दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या थंडीत. एकदा झोयाची परीक्षा होती, एकदा घर लहान होतं, एकदा नोकरी नवी होती. कारणं खोटी नव्हती. तिने पासपोर्ट काढून ठेवला होता. तो आता माझ्याकडे आहे. त्याची सगळी पानं कोरी आहेत.

*

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाने विहीर खोदतात, नळ बसवतात, झाड लावतात. सदका-ए-जारिया. जोवर कुणी ते पाणी पितं, त्या सावलीत बसतं, तोवर गेलेल्या माणसाच्या खात्यावर पुण्य जमा होत राहतं. अब्बांनी गावात मशिदीजवळ एक आंबा लावलाच होता. इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात उभे राहून म्हणाले, "ती इथं यायची राहिली. तिच्या नावाचं झाड तरी येऊ दे."

आमचं घर तळमजल्याचं, जुनं, पुढे वाळूचं एवढंसं अंगण. मालकाला फोन केला. तो म्हणाला, लावा, इन्शाल्ला मोठं होईल.

नर्सरीवाला पेशावरकडचा, गप्पिष्ट माणूस होता. झोयाला ओक हवा होता. तिच्या पुस्तकांतून लहानपणापासून ओकच भेटत आलाय, त्याखाली मुलं बसतात, खारी पळतात. तिने विचारल्यावर तो हसून म्हणाला, "बेटा, ओक को इधर का विज़ा नहीं मिलता."

मग त्याने गाफ दाखवला. इथल्या वाळवंटातलं झाड, बारीक राखाडी-हिरवी पानं, फांद्या खाली झुकलेल्या. अब्बा थबकले. एक फांदी बोटांत धरून, काटे चुकवत, पान चुरगळून वास घेतला.

"ही तर शमी रे. आमच्या गुरुजींच्या दारात होती. दसऱ्याला ते पूजा करायचे आणि आम्ही पोरं काटे मोडून घ्यायचो. ही इथं कुठं आली?"

"दादाजान, इट्स देअर नॅशनल ट्री," झोया म्हणाली.

"बघ. आपलं कुणी ना कुणी आधीच येऊन बसलेलं असतंच इथं."

नर्सरीवाल्याने पुरुषभर उंचीचं रोप पुढे केलं. "चाचा, ये लो. एकदम रेडी."

"रेडी नहीं मंगता. बच्चा दिखाव."

अब्बांनी हयात आंब्याची कलमं बांधण्यात घालवली. ते रोपांच्या रांगेतून फिरू लागले. बुंधा मातीत जिथे शिरतो तिथे अंगठा फिरवायचे, खोड हलकेच हलवून बघायचे, मग मला कुंडी उचलायला लावून खालची भोकं तपासायचे. भोकातून जाड मूळ लोंबत असलं की रोप बाजूला. "आत जागा संपलीय याची." उन्हं डोक्यावर आली. नर्सरीवाला स्टुलावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "चाचा, लड़की देखने आए हो क्या?"

"लड़की तो बोलती है, पसंद है के नहीं. ये बोलेगा क्या? मेरे को ही सब देखना पड़ता है."

शेवटी त्यांनी दोन निवडली. दोन्ही बुटकी, जाड बुंध्याची. एक अम्मीच्या नावाचं आणि एक तिच्या सोबतीला. एकटं झाड लावू नये म्हणाले. झोयाने दिरहम दिले तेव्हा अब्बांनी सवयीने विचारलं, "रुपयात किती झाले?" आणि ती सांगायच्या आत म्हणाले, "नको, राहू दे. आज नको."

*

सोबतीचं झाड झोयाने लावलं. अब्बांचे गुडघे धरलेले, ते प्लास्टिकच्या खुर्चीवरून सांगत होते आणि ती करत होती. कुंडी आडवी करून ठोक. आता ओढून काढ. गोळा फुटू देऊ नको. तिने सांगितल्याबरहुकूम सगळं केलं आणि कोपरापर्यंत माखलेले हात मला दाखवले.

अम्मीचं झाड मी लावायचं होतं. "तू तिचा मुलगा. तुझ्याच हातानं लागू दे."

तेवढ्यात असरची, उतरत्या दुपारची अजान झाली. अब्बा नमाजला आत गेले, झोया हात धुवायला गेली. अंगणात मी आणि ते रोप. मी कुंडी आडवी केली, ठोकली. आणि थांबलो.

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस, खाली तळ्याभोवती माणसं कॉफी पीत बसलेली, आणि वर एकेकाला केबिनमध्ये बोलावत होते. मला म्हणाले, मार्चपर्यंत बघू. घरी मी काहीच बोललो नव्हतो. नसीमलाही नाही.

हातात कुंडी धरून मी विचार केला, मार्चमध्ये जावं लागलं तर? पलंग विकला जाईल, फ्रिज विकला जाईल. हिचं काय करणार? एकदा तिला तिकडे ठेवून मी इकडे राहिलो. आता तिला इकडे ठेवून तिकडे जाऊ?

मी स्क्रूड्रायव्हर आणून कुंडीच्या तळाला आणखी चार भोकं पाडली आणि कुंडीसकट ते झाड खड्ड्यात ठेवलं. वेळ आली तर अलगद उचलता येईल, असं. काठावर वाळू ओढली, हाताने थापून सपाट केली. काही दिसत नव्हतं.

अब्बा बाहेर आले. पाण्याचा मग ओतला, झाडावर हात ठेवून दुआ मागितली. मीही आमीन म्हणालो.

*

ती थंडी फार सुंदर गेली, हे मला कबूल केलं पाहिजे. सकाळी ऑफिसला निघताना अब्बा अंगणात खुर्चीवर असायचे, खांद्यावर शाल, समोर दोन झाडं. तांदूळ धुतलेलं पाणी ते कुणाला टाकू द्यायचे नाहीत. अम्मीच्या झाडाशी आमच्या कोकणी बोलीत गप्पा चालायच्या. तुझी नात इंग्रजीत भांडते, मला अर्धं कळत नाही, पण तू असतीस तर तुला सगळं कळलं असतं. सून बिर्याणीत बटाटा घालत नाही, मी काही बोललो नाही. आज शेजारच्या मलबारी बाईनं केळ्याचे काप पाठवले, तुझ्यासारखे नाहीत. मी बूट घालायला मुद्दाम वेळ लावायचो, म्हणजे थोडं ऐकता यायचं.

मग झोयाच्या झाडाला नवी पालवी आली. अम्मीचं आहे तसंच उभं राहिलं. काही दिवसांनी त्याची पानं पिवळी पडली आणि गळू लागली. अब्बांनी पाणी कमी केलं, मग वाढवलं. खुर्चीवर चादर टाकून सावली केली. वाळू बोटाने उकरून ओल बघायचे आणि मी दारात उभा राहून त्यांचं बोट किती खोल जातंय ते बघायचो. कुंडीच्या काठापर्यंत ते कधी पोचलं नाही.

एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "कबूल झालं नाही, रफीक."

"काय?"

"झाड. तिच्या नावानं लावलेलं. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. पोरीचं लागलं. माझं घेतलं नाही अल्लानं." बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत. "शेवटच्या दिवसांत तिनं फणस मागितला होता. दोन गरे. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणतात. तिनं परत मागितला नाही. तेच असेल."

मी त्यांच्यासमोर बसलो होतो. माझ्या थोबाडावर तेव्हा काय होतं कोण जाणे. जे मी केलं होतं त्याची शिक्षा माझा बाप बशीतल्या चहाकडे बघत स्वतःला देत होता, आणि मी म्हटलं, "असं काही नसतं, अब्बा. चहा घ्या." एवढंच म्हटलं. त्यांना सांगायचं म्हणजे नोकरीचं सांगावं लागेल, नसीमला न सांगितलेलं सांगावं लागेल. दिवस गेले. गेले तसे आणखीही गेले असते.

अब्बा म्हणाले, रमजान गावी करतो, तिच्याजवळ. तिकीट काढ. मी काढलं.

*

निघायच्या आधीच्या शनिवारी त्यांची बॅग उघडी पडली होती, नसीम त्यात खजूर भरत होती. मी अंगणात गेलो तर अब्बा झाडासमोर उभे. मला पाठमोरे. म्हणत होते, "दोनच गरे मागितले होतेस. दिले असते तर काय झालं असतं? माफ कर गं."

"अब्बा," मी म्हटलं, "कुंडी काढली नव्हती मी."

ते वळले. "कसली कुंडी?"

"झाडाची. कुंडीसकट पुरलंय."

"का?"

मी सगळं सांगितलं. ऑफिसचं, मार्चचं. दारात नसीम येऊन उभी राहिली होती, तिनेही ऐकलं. शेवटी म्हणालो, "आम्हाला जावं लागलं असतं तर तिला इथं एकटीला कशी टाकू? परत?"

अब्बा म्हणाले, "फावडं आण."

खणायला लागलो तसे ते गुडघ्याची पर्वा न करता वाळूत खाली बसले. झोया धावत आली. कुंडी निघाली. अब्बांनी कटरने तिला उभी चीर दिली आणि प्लास्टिक दोन्हीकडे फाकवलं. आत माती अशी नव्हतीच. मुळंच मुळं, एकावर एक वळसे घेतलेली, कुंडीचा आकार धरून बसलेली. तळाच्या भोकांतून दोन-तीन बारीक मुळं निघाली होती आणि भोकाशीच आवळली गेली होती.

अब्बांनी त्या गुंत्यावर हात फिरवला. आणि हसले.

"झाड लागलं नाही म्हणून मी तिला परत गावी न्यायला निघालो होतो. तू तिला बांधून तयार ठेवली होतीस. तिला कुणी विचारलं?"

"यू बोथ आर सो ड्रामॅटिक," झोया डोळे पुसत म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, दोघंही नाटकी आहात."

"आजीवर गेलीय."

बाहेरचे वळसे त्यांनी एकेक करून कापले. मला वाटत होतं आता काहीच उरणार नाही. उरलं ते त्यांनी माझ्या ओंजळीत दिलं आणि माझे हात आपल्या हातांत धरून खड्ड्यात उतरवले. वाळू लोटली. पाणी झोयाने घातलं.

उठताना मी त्यांना आधार दिला. म्हटलं, "म्हणजे फणसाचा काही संबंध नाही, अब्बा."

"झाडाशी नाही," ते कपडे झटकत म्हणाले. "पण गरे दिले नाहीत ते नाहीतच. ते माझं आहे. ते माझ्याकडं राहू दे."

*

तरीही ते गेले. कलमं मोहोरली होती, रमजान तोंडावर होता. विमानतळावर मी विचारलं, झाड जगलं तर पुढच्या थंडीत याल ना? मला वाटतं 'पुढच्या थंडीत' या दोन शब्दांनी त्यांनाही काहीतरी आठवलं. म्हणाले, "झाडावर असलं ओझं घालू नये. त्याला नुसतं पाणी घाल."

उन्हाळ्यात त्याची सगळी पानं गेली. काटेरी काडी उरली. मी वर हिरवी जाळी बांधली. पहाटे ऑफिसला निघण्याआधी पाणी घालायचो, वाळू ते पिऊन टाकायची आणि काडी तशीच. अब्बा फोनवर झाडाचं कधी विचारायचे नाहीत. ऑफिसचं विचारायचे. "खुर्ची आहे ना?" आहे, अब्बा. अजून आहे. नसीम मधून फोन घेऊन सांगायची, "आता हे मला रोज सांगतात, नाही सांगितलं तर जेवायला देत नाही." शेजारी झोयाचं झाड माझ्या खांद्यापर्यंत आलं. कधी वाटायचं, काडी उपटून टाकावी. पण अंगणात आणखी एक कोरं पान नको होतं.

आज सकाळी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पाण्याचा मग घेऊन बाहेर गेलो. जाळी काढली. पाणी ओतायला वाकलो तेव्हा बुंध्याशी काहीतरी दिसलं. नखाएवढं. हिरवं.

मी अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ते ओटीवर बसले होते. मी काही न बोलता फोन खाली नेला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला; मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"वरून फुटलंय की बुंध्यातून?"

"बुंध्यातून."

"मातीच्या वर?"

"वर. अगदी लागून."

"हं." चष्मा काढून पुसला, परत घातला. "मग राहते म्हणतेय ती."

"आणि तुम्ही, अब्बा?"

"तिकीट काढ. पण या खेपेला टोपी कुठं टांगायची ते आधी सांग."

घरात हातोडी नव्हती. इतक्या वर्षांत कधी लागलीच नव्हती. शेजारच्या मलबारी काकांकडून आणली. अंगणात उघडणाऱ्या दाराजवळची भिंत निवडली, अब्बांचा हात जिथे जायचा ती. पहिला घाव बसला तसा रंगाचा एक टवका खाली पडला.

आवाजाने झोया खोलीतून बाहेर आली. "डॅड. द डिपॉझिट."

"माहीत आहे."

तिने जवळ येऊन खिळा धरला. मी ठोकला. जरा वाकडा बसला. तसाच राहू दिला.